मिरज-कोल्हापूर पट्टा: मोठे कोण, गवई की तंबोरे करणारे?

तिसरी_तार

मिरज ते कोल्हापूर अंतर रेल्वेने पन्नास किलोमीटरसुद्धा भरत नाही. एवढ्याशा पट्ट्याशी नातं असलेली नावं बघा: बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, विष्णु दिगंबर पलुसकर, अब्दुल करीम खाँ, अल्लादिया खाँ, केशवराव भोसले, गोविंदराव टेंबे, हिराबाई बडोदेकर, सुधीर फडके. कुणी इथे जन्मलं, कुणी येऊन राहिलं, कुणी शिकून निघून गेलं.

पण गंमत बघा. ग्वाल्हेर, किराना, जयपूर-अत्रौली, तिन्ही घराण्यांची नावं परगावची. विद्या बाहेरून आली, इथे रुजली. इथेच घडलेलं आणि इथून देशभर गेलेलं असं काय? माझ्या मते तंबोरा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांचं काम आटलं. उत्तरेतून गवयांबरोबर येणारी वाद्यं दुरुस्तीला इथेच अडायची. त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी ती उघडून बघितली आणि मग स्वतःच करायला घेतली. आडनावच सतारमेकर झालं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते जरा उशिरानेच.

तर प्रश्न असा: या पट्ट्यातला सर्वांत प्रभावी माणूस निवडायचा तर गवई निवडाल की कारागीर? मी कारागीर म्हणतो. फोडा मला.

उगाचच

जागा पकडून ठेवतो. तांबड्या-पांढऱ्यावर धागा घसरायला किती प्रतिसाद लागतात ते मोजणार आहे.

वक्र_निषाद

फोडतो. तंबोरा सूर देतो, गाणं देत नाही. अल्लादिया खाँ १८९५ च्या सुमारास शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि महाराज १९२२ ला गेल्यावर मुंबईला गेले. त्या पाव शतकात जे तयार झालं ते कोणत्याही भोपळ्यातून निघालेलं नाही.

काय तयार झालं ते नेमकं ऐकायचं तर मध्यलयीचा तीनताल घ्या. अल्लादियांचे जयपूरवाले लय फार पसरत नाहीत, कारण तान आणि आलाप वेगळे ठेवायचेच नसतात. आकारात एक लांब वळण सुरू होतं, त्यातच मात्रेचे अर्धे-पाव तुकडे येतात, श्वास तुटत नाही आणि मुखडा (बंदिशीची पहिली ओळ) नेमका समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, अलीकडे उचलला जातो. नक्कल करणाऱ्याची चूक इथेच होते. तो समेला पोचायला धावतो. अल्लादियांच्या शिष्या केसरबाई केरकरांच्या गाण्यात ती धाव दिसत नाही, कारण समेचं गणित तीन आवर्तनं आधीच बसलेलं असतं. शिवाय जोडराग: बसंती केदार, सावनी नट. यात दोन राग शेजारी ठेवायचे नसतात. एका रागाच्या स्वरावरून दुसऱ्याच्या चलनात उतरायचं असतं, आणि सांधा दिसला की राग फसला.

मुखडा_विसरला

वक्र_निषाद, "भोपळ्यातून निघालेलं नाही" याला दाद घ्या.

पण मग बाळकृष्णबुवांना कुठे ठेवता? ते ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशांकडे शिकून आले म्हणून महाराष्ट्रात ख्याल घरोघर गेला. मिरजेत त्यांच्याकडे शिकलेले पलुसकर, मूळचे कुरुंदवाडचे, यांनी ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. फी, वर्ग, परीक्षा, छापील पुस्तकं आणि तिकीट काढून मैफल. आज गावोगावी गाण्याच्या परीक्षा होतात त्याचं मूळ तिथे आहे. प्रभाव म्हणजे किती लोकांचं वागणं बदललं असं धरलं तर पलुसकरांच्या जवळपास कुणी येत नाही.

काळी_चार

परीक्षा देणाऱ्यांची संख्या आणि गाणाऱ्यांची संख्या यांचा संबंध नाही, एवढं नम्रपणे नोंदवते.

मुखडा_विसरला

ताई, नम्रपणा पोचला.

तीन_रूळ

घराण्यांच्या भांडणात रेल्वे विसरू नका. पुण्याहून मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी अशी मीटर गेज होती आणि १८९१ ला मिरज-कोल्हापूर फाटा झाला. पुढे नॅरो गेजने पंढरपूर-कुर्डुवाडी जोडलं गेलं. नंतर एक काळ असा होता की मिरजेत तिन्ही गेज होते. आता सवाई गंधर्वांचं कुंदगोळ, गंगूबाईंचं हुबळी आणि मन्सूरांचं धारवाड नकाशावर ठेवा. सगळी एकाच रुळावर. मल्लिकार्जुन मन्सूर आधी मिरजेला नीळकंठबुवांकडे ग्वाल्हेर गायकी शिकले, म्हणजे बाळकृष्णबुवांचीच परंपरा. मग मंजी खाँ, आणि १९३७ ला ते गेल्यावर भूर्जी खाँ, म्हणजे अल्लादियांचे दोन मुलगे. या पट्ट्यात घराण्यांच्या भिंती कागदावर जेवढ्या जाड आहेत तेवढ्या फलाटावर नव्हत्या.

नवा_भिडू

मध्येच व्यवहारातला प्रश्न विचारतो, धागा तंबोऱ्याचा आहे म्हणून. चार तारी मिरजेचा तंबोरा. खर्ज (शेवटची जाड तार) छान गुंजतो, जोड (मधल्या दोन तारा) मात्र मुकी, टकटक वाजते. घोडी (तारा टेकतात ती पट्टी) घासून घ्यायची का?

घोडीवाला

थांबा! कानस सगळ्यात शेवटी.

आधी सूत बघा, म्हणजे तारेखालचा, जवारी (तारेचा खुला, गुंजता आवाज) आणणारा दोरा. तो निघालेला असतो नाहीतर दबून चपटा झालेला असतो. तार किंचित उचलून साध्या सुती धाग्याचा एकच पदर तार आणि घोडीच्या मध्ये घ्या. मग एका हाताने तार छेडत दुसऱ्या हाताने धागा केसाकेसाने पुढेमागे सरकवा. एका जागी आवाज एकदम उघडतो. ती जागा जेमतेम मिलिमीटरभर असते, पुढे गेलात की परत बंद. धागा जाड असेल तर तार घोडीच्या पाठीला टेकणारच नाही आणि गिटारसारखा कोरडा आवाज येईल. नायलॉनचा धागा घेऊ नका, तो घसरतो.

सूत ठीक असेल तर तार बघा. गंज किंवा पीळ असलेली पोलादी तार कधीच नीट जुळत नाही. जोडीच्या दोन्ही तारा एकाच रिळातल्या घ्या आणि एकाच वेळी बदला. एक जुनी एक नवी ठेवली तर सूर मिळूनही आवाजाचा पोत वेगळा राहतो.

शेवटी घोडी. तारांखाली चर पडलाय का ते नख आडवं फिरवून कळतं. जवारीचं तत्त्व एवढंच की घोडीची पाठ अगदी मंद उताराची असते. कंप पावणारी तार त्या उताराला सतत टेकते-सुटते आणि त्यातून वरचे स्वर पुन्हा पुन्हा जागे होतात. चर पडला की तार उतारावर न खेळता खाचेत बसते. मग पाठ सपाट करून उतार पुन्हा द्यावा लागतो, आधी बारीक कानस, मग पॉलिश पेपर, दर दोन-चार घाशांनंतर तार चढवून ऐकायचं. उतार इतका मंद असतो की पट्टीची कड आडवी धरून उजेडाकडे बघितल्याशिवाय दिसत नाही. जास्त घासलं गेलं तर भरून काढता येत नाही, नवी घोडी घ्यावी लागते. म्हणून हे काम मिरजेतल्या हाताकडेच द्या.

नवा_भिडू

दोन्ही तारा एकाच रिळातल्या आहेत. सूत बघतो.

काळी_चार

घोडीवाले बुवा, एक भर. गाण्याची पट्टी आणि तारेची जाडी (गेज) जुळत नसेल तर सूत कितीही सरकवा, काही होत नाही. काळी एक-पांढरी दोनमध्ये गाणाऱ्या पुरुषी तंबोऱ्याला जोड पोलादी, साधारण ०.३० ते ०.३५ मिलिमीटर, आणि खर्ज पितळी किंवा ब्राँझची जाड तार. काळी चारच्या बायकी तंबोऱ्याला जोड त्याहून बारीक लागते. पुरुषी तंबोरा दोन-तीन स्वर वर चढवून बायकी करायला गेलं की तार तुटते किंवा तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर) ताण येतो. उलट बायकी तंबोरा खाली उतरवला की तार ढिली पडते आणि घोडीवर नुसती फडफडते. याला लोक "जवारी गेली" म्हणतात. जवारी कुठे गेलेली नसते.

उगाचच

फडफडते हा शब्द उचलला. काही गायकांसाठी राखून ठेवतो.

घोडीवाला

काळी_चार, बरोबर.

जुळवताना आधी जोड, मग खर्ज, मग पंचम. पंचम नसलेल्या रागात पहिली तार बदलते: मालकंस, ललत, भिन्न षड्ज यांना मध्यम, मारवा, पूरिया, सोहनी यांना निषाद. सूर खुंटीने जवळपास आणायचा आणि शेवटचा केसभर फरक घोडीखाली तारेत ओवलेल्या मण्याने. मणी घोडीपासून लांब, खाली लंगोटाकडे (तारा अडकवतात तिकडे) सरकवला की सूर चढतो. अर्धे लोक उलटं करतात आणि मग खुंटीला शिव्या देतात. खुंटी घसरत असेल तर तिला खडू चोळा, अडकत असेल तर कोरडा साबण, अगदी कणभर. पावसाळ्यात लाकूड फुगतं तेव्हा अडकलेली खुंटी पक्कडीने फिरवू नका, कान तुटतो.

सा_पासून_सा

घोडी कशाची करतात आता? हस्तिदंत आणि सांबरशिंग तर कायद्याने केव्हाच बंद.

घोडीवाला

उंटाचं हाड, आबनूस, फायबर. हाडाचा आवाज खुला आणि उजळ, पण चर लवकर पडतो. आबनुसाचा गोल, जरा बंद. फायबर टिकतं. दांडीला तूनचं लाकूड. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. कडू भोपळा, खायचा नव्हे. वेलीवर जमिनीला टेकून एका बाजूने चपटा झाला की तो तंबोऱ्याला बाद, म्हणून शेतकरी वाढतानाच त्याची बैठक बघतो. वाळायला काही महिने जातात. कापताना कड तडकली तर सगळं फुकट, म्हणून आधी पाण्यात भिजवून मऊ करतात.

घुमकं_वाजतंय

पंधरा प्रतिसाद होत आले, अजून एकही हलगी नाही! "या पट्ट्यातलं इथेच घडलेलं" असा धागा काढायचा आणि बुवा-खाँसाहेबांपलीकडे बघायचंच नाही?

हलगी-घुमकं-कैताळ (कैताळ म्हणजे झांज) हा कोल्हापूरचा खरा बँड. लोखंडी कडं, त्यावर शेळीचं कातडं. हलगी डाव्या खांद्याशी टेकवायची, उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हातात बारीक लवचिक काडी. टिपरू ठोका देतं, काडी त्यामधल्या जागा भरते. सगळं कसब डाव्या हाताचं आहे. ठोका कुणीही देईल, पण काडी कड्याच्या किती जवळ पडते यावर आवाज ठरतो. मध्यावर पडली तर बद्द. हवेतला ओलावा कातडं पितं आणि ते सैल पडतं, म्हणून वाजवायच्या आधी पाचटाच्या जाळावर शेकतात. दुरून, गोल फिरवत. एकाच जागी धरली की कातडं तिथे कडक होतं आणि दोन ठोक्यांत फाटतं. घुमकं खालचा घुमारा धरतं, कैताळ लय बांधतं. तालमीतल्या कुस्तीला हीच जोड लागते, कारण पैलवानाची पकड सुटली की हलगीची लय त्याच क्षणी बदलते. तंबोरा असा बदलतो का कधी?

वक्र_निषाद

तंबोऱ्याने बदलायचंच नसतं हो, तेच त्याचं काम आहे.

पण मुद्दा मान्य. पट्टणकोडोलीच्या यात्रेतले धनगरी ढोल आणि पिराजीराव सरनाईकांचे पोवाडे धरले नाहीत तर यादी अर्धी राहते.

उगाचच

रश्श्याच्या आधी हलगी आली. पैज हरलो.

पायपेटी

तिसरी_तार, तुमच्या मताला खरा धक्का नाटकाचा आहे. बालगंधर्वांची पहिली शकुंतला मिरजेत १९०५ ला उभी राहिली. केशवराव भोसले कोल्हापूरचे. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी या दोघांनी संयुक्त मानापमान केलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. महाराष्ट्रातल्या माणसाच्या कानावर रागदारी पडली ती बहुतांशी या रंगभूमीवरून, मैफलीतून नव्हे. आणि तिथे तंबोऱ्याला कोण विचारत होतं? ध्वनिवर्धक नाही, हजारभर माणूस. गायक चढ्या पट्टीत गायचा, कारण शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायचा असायचा. आधाराला पायपेटी, म्हणजे ऑर्गन, आणि सारंगी. बालगंधर्वांकडे कादरबक्ष सारंगीला आणि थिरकवा तबल्याला. तंबोऱ्याचा बारीक झणकार त्यात बुडून जाणार.

गोविंदराव टेंबे पेटीवाले, अल्लादियांची तालीम घेतलेले. मानापमानच्या चाली त्यांच्या, आणि कोल्हापुरात प्रभातने केलेल्या अयोध्येचा राजाचं संगीतही, साल १९३२. मैफल, नाटक, बोलपट, तिन्हीकडे एकच माणूस. प्रभावाला आणखी काय लागतं?

तिसरी_तार

पायपेटी, हा मुद्दा मला टोचला. कबूल.

पण पेटीचं नाव काढलंत म्हणून. खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून आपोआप गांधार ऐकू येतो, त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो तारेचा पाचवा स्वरांश असतो. षड्जापासून त्याचं अंतर ३८६ सेंट (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). पेटीचा गांधार समान वाटणीचा, ४०० सेंट. १४ सेंटचा फरक म्हणजे कानाला सरळ घासतो. खर्जाची तार लांबवर छेडून गांधार ऐका आणि मग त्यावर पेटीचा गांधार दाबा. दोन्ही एकत्र थरथरतात. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी इंग्रज अधिकारी क्लेमंट्सबरोबर १९१० च्या सुमारास श्रुती (सप्तकातले बारीक स्वरभेद) मोजल्या, बावीस श्रुतींची हार्मोनियम करून घेतली आणि अब्दुल करीम खाँचा गळा प्रमाण म्हणून वापरला, ते याच घासण्यामुळे. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटी बंद ठेवली त्यातही हे एक कारण होतं. हा सगळा वाद सुचायला कुणाच्या तरी कानात नीट लागलेला तंबोरा असावा लागतो.

सा_पासून_सा

ध्वनिमुद्रिकांकडूनही बघा. १९२५ च्या आधीचं मुद्रण भोंग्यातून व्हायचं. गायक भोंग्यात तोंड घालून गायचा आणि तंबोरा जवळजवळ गायब. विजेचा मायक्रोफोन आला तेव्हाच तो तबकडीवर आला. अब्दुल करीम खाँच्या १९३० च्या दशकातल्या ओडियनच्या तबकड्या ऐका, तीन-सव्वातीन मिनिटांची बाजू. झिंझोटीतली "पिया बिन नाही आवत चैन" लावा आणि शब्दांऐवजी ओळींच्या मधल्या जागा ऐका. ते स्वर सोडतात तो तंबोऱ्यात विरघळतो, कडा दिसत नाही. हाच त्यांचा सगळ्यात मोठा प्रभाव, आणि तो तंबोऱ्याशिवाय शक्यच नाही. फक्त एक गल्लत टाळा: किरान्याची ती अतिविलंबित बढत (रागाची फार सावकाश मांडणी) वहीद खाँची. करीम खाँ तेवढे सावकाश गात नसत.

तीन_रूळ

आणि अंतराळात गेलेला आवाजही याच पट्ट्याच्या तालमीतला. १९७७ ला व्हॉयेजर यानावर केसरबाईंची भैरवी.

काळी_चार

कोणी नवीन ऐकणारा विचारत असेल तर क्रम असा ठेवा. आधी झिंझोटी, मग हिराबाईंचं कुठलंही नाट्यपद, मग केसरबाईंची ती भैरवी, आणि दमल्यावर मन्सूर. मन्सूर पहिल्यांदा लावू नका, माणूस पळून जातो. आधी कान लागू द्या.

वक्र_निषाद

मन्सूरांना ऐकून पळणाऱ्याला पळू द्यावं.

तिसरी_तार, मूळ प्रश्नावर येतो. तुम्ही गवई आणि कारागीर असे दोन डबे केलेत तिथेच गडबड आहे. अब्दुल करीम खाँ वाद्यदुरुस्तीत स्वतः तरबेज होते, जवारी स्वतः काढायचे. मग त्यांना कुठल्या डब्यात घालणार? आणि कारागिरांची घोडी सुधारली ती गवयांनी "अजून उघडा, अजून उघडा" म्हणून डोकं खाल्लं म्हणूनच. किरान्याच्या माणसाला लागणारी जवारी आणि जयपूरच्या माणसाला लागणारी जवारी एक नव्हे. एकाला स्वराभोवती धुकं हवं, दुसऱ्याला तानेची कडा दिसायला हवी. कारागीर गाणाऱ्याला समोर बसवून घासायचा.

तिसरी_तार

म्हणजे मी अर्धा हरलो. चालेल. दर्ग्यातच निवाडा करू. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, तिथल्या उरसात दर वर्षी गाणं होतं आणि वाद्यांची दुकानं जवळच्याच गल्लीत.

घुमकं_वाजतंय

आणि हलगी?

तिसरी_तार

हलगीसाठी वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

नवा_भिडू

जोडीपैकी एका तारेखाली सूत नव्हतंच. घातलं, सरकवलं, उघडली. आता जोडीच्या दोन्ही तारा जुळल्यात पण पंचम किंचित उतरलाय. मणी वर की खाली?

घोडीवाला

खाली. लंगोटाकडे.